दुतोंड्या मारुतीला किती पाणी? : स्पेक्ट्रमवरच्या असेंब्लीच्या प्रकल्प नोंदी

११ एप्रिल

दादांच्या माळ्यावरचा डीबी स्पेक्ट्रम प्लस आज टेबलावर आला. सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचा स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक मूळ १९८२चा. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस विकला, हे मशीन त्यातलं. आत झेड८०ए प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झवर, १६ केबी रॉम, ४८ केबी रॅम.

काय करायचं ते ठरलेलं आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की टीव्हीवर क्युसेकचे आकडे येतात, पण नाशिककर एकमेकांना विचारतात ते एवढंच: "मारुतीच्या कुठवर आलं?" गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती ही गावाची पूरपट्टी आहे. गुडघा, कंबर, छाती, गळा, डोकं. पाणी छातीच्या वर चाललं की सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार सामान हलवायच्या तयारीला लागतात. तर हा मारुती स्पेक्ट्रमच्या पडद्यावर उभा करायचा, पाणी चढवायचं-उतरवायचं, आणि खाली मराठीत लिहून यायला हवं की पाणी कुठवर आलंय. सगळं असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या आज्ञांमध्ये. पावसाळा तोंडावर यायच्या आत.

१३ एप्रिल

मशीन सुरू करण्याआधी एक सांगतो, कारण जुने स्पेक्ट्रम बाहेर काढणाऱ्यांना हे माहीत असलंच पाहिजे. याच्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरला मधली पिन ऋण असते आणि बाहेरचं कडं धन. बाजारात आज मिळणारे बहुतेक अडॅप्टर याच्या उलटे. मीटर लावल्याशिवाय पिन खोचू नका.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळे बदलले. खालच्या १६ केबीच्या ४११६ चिपांना ५, १२ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात. तिन्ही मोजले, बरोबर आले. टीव्हीचा आरएफ मॉड्युलेटर बाजूला ठेवून कंपोझिट सिग्नल थेट बाहेर काढला. कीबोर्डचा पातळ पडदा कडक होऊन तडकला होता, तो नवा मागवलाय. तोवर एम्युलेटरवर, म्हणजे आजच्या संगणकावर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर.

१८ एप्रिल

भाचा सुट्टीला आलाय. पॉलिटेक्निकमध्ये इंटेलच्या ८०८५ प्रोसेसरचं किट शिकलेला आहे, त्यामुळे झेड८० त्याच्यापुढे ठेवायला मला फार आनंद झाला. झायलॉगनं १९७६मध्ये काढलेली ही चिप फेडेरिको फॅजिन यांची. इंटेलमध्ये ८०८०वर काम करून ते बाहेर पडले आणि नवी चिप करताना जुन्या ८०८०चे ऑपकोड (आज्ञांचे आकडे, इथे सोळाच्या पद्धतीत लिहिलेले) तसेच ठेवले. ८०८५ही त्याच घरातला. म्हणून भाच्याच्या वहीतला एमव्हीआय ए म्हणजे ३ई, आणि आमच्या एलडी ए चा ऑपकोडही ३ईच. मूव्ह ए,बी चा ७८, एलडी ए,बी चाही ७८. हॉल्ट दोन्हीकडे ७६.

तो वही उघडून एकेक ताडून बघत बसला आणि २०वर येऊन थांबला. "मामा, इथं आमच्याकडे रिम आहे." झेड८०मध्ये २० म्हणजे जेआर एनझेड, उडी. ३०वर त्यांच्याकडे सिम, आमच्याकडे जेआर एनसी. ८०८०नं रिकाम्या सोडलेल्या जागा दोघांनी आपापल्या गरजेनं भरल्या. नेमक्या याच ठिकाणी दोन्ही चिपा वेगळ्या वाटेला लागतात, आणि हे त्यानं स्वतः शोधलं.

२० एप्रिल

पडद्याची मेमरी. १६३८४पासून ६१४४ बाइट चित्राचे, २२५२८पासून ७६८ बाइट रंगाचे. चित्र २५६ बाय १९२. रंग मात्र ८ बाय ८च्या चौकटीला एकच जोडी: एक शाई (ठिपक्यांचा रंग), एक कागद (त्यांच्या मागचा रंग).

चित्राच्या ओळी मेमरीत वरून खाली सलग नाहीत. पडद्याचे तीन भाग, आणि प्रत्येक भागात आधी आठही चौकट-रांगांची पहिली रेघ, मग सगळ्यांची दुसरी. टेपवरून चित्र लोड होताना पाहिलेल्यांना ही गंमत आठवेल, पट्ट्यापट्ट्यांनी भरत जातं. पुष्कळ जण याला वेडगळ रचना म्हणतात. मला ती फार विचारपूर्वक केलेली वाटते. चौकटीच्या आत एक रेघ खाली जायचं तर पत्ता बरोबर २५६नं वाढतो, म्हणजे पत्ता धरणाऱ्या एचएल या रजिस्टर-जोडीतला फक्त एच एकनं वाढवायचा. आयएनसी एच, ४ टी-स्टेट (टी-स्टेट म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका). ओळी सलग असत्या तर ३२ मिळवायला एडीडी एचएल,डीई लागलं असतं, ११ टी-स्टेट. अक्षर काढताना हे आठ-आठ वेळा करायचं असतं.

चौकट ओलांडताना मात्र थोडं काम पडतं: एचचे खालचे तीन बिट शून्य झाले तर एलमध्ये ३२ मिळवायचे, त्यातून कॅरी आला नाही तर एचमधून ८ वजा. हे रूटीन भाच्यानं लिहिलं. असेंबलर पास्मो, एम्युलेटर फ्यूज, कोड ३२७६८पासून. ३२७६८च का, ते पुढे येईल.

२७ एप्रिल

मारुती आलेखाच्या वहीवर काढायला घेतलाय. चित्राची खिडकी मधल्या १६ स्तंभांची, म्हणजे १२८ ठिपके रुंद आणि १६० उंच. २५६० बाइट. खालच्या चार रांगा अक्षरांना राखून ठेवल्या.

आम्ही दोघं सकाळी घाटावर जाऊन आलो. भाच्यानं कोपर, गुडघा, खांदा कुठल्या उंचीवर येतात ते नीट पाहून घेतलं. हे महत्त्वाचं आहे, कारण पाण्याची पातळी शरीराच्या भागांवरून बोलायची, तर ते भाग चित्रात गावाला दिसतात तिथेच हवेत. पंचवटीतले काका तिथेच भेटले. त्यांनी १९६९चा पूर पाहिलाय, आणि नंतरचे २००८, २०१६, २०१९चेही. ते वर्षं सांगताना क्युसेक सांगत नाहीत, हात वर करून उंची दाखवतात.

२ मे

शेंदरी रंग.

स्पेक्ट्रमकडे आठ रंग आणि त्यांचीच उजळ छटा. शेंदरी त्यात नाही. लाल आहे, पिवळा आहे. म्हणून चौकटीला लाल शाई, पिवळा कागद आणि उजळपणा चालू: ६४ अधिक ४८ अधिक २, मिळून ११४. आणि आत ठिपक्यांची बुद्धिबळाच्या पटासारखी जाळी: एका रेघेला ८५, पुढच्या रेघेला १७०. बिट लिहिले तर ०१०१०१०१ आणि त्याच्या उलट. एम्युलेटरच्या स्वच्छ चित्रात ती जाळीच दिसते. कीबोर्ड आला होता, म्हणून आज खऱ्या मशीनला घरचा जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही जोडला, फोनच्या हेडफोन जॅकमधून आवाज देऊन चित्र लोड केलं, आणि कंपोझिट सिग्नलमध्ये शेजारशेजारचे ठिपके एकमेकांत मिसळून खरोखर शेंदूर उभा राहिला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नि हात जोडले.

कडेच्या चौकटींचा प्रश्न वेगळा. तिथे शेंदूरही हवा आणि मागचं ढगाळ आभाळही, म्हणजे तीन रंग, आणि चौकटीत मावतात दोन. तिथे लाल शाई, करडा कागद, ५८. कडा भरीव लाल काढली आणि शक्य तिथे दंड-मांड्यांची रेषा चौकटीच्या रेषेला टेकवली. मूर्तीला काळी बाह्यरेषा दिलेलीच नाही.

९ मे

आता पाणी. सरळ उपाय असा की पाण्याखाली गेलेल्या चौकटींचा रंग बदलायचा. पुरातली गोदावरी निळी नसते, गढूळ असते. निस्तेज पिवळा कागद आणि काळी शाई, म्हणजे ४८. हे लावल्यावर जे दिसलं त्यानं मी हरखलो. चित्राच्या एकाही ठिपक्याला हात लावलेला नाही, पण मारुतीतली लाल-पिवळी जाळी पाण्याखाली काळी-पिवळी झाली आणि टीव्हीवर ती गढूळ तपकिरी दिसते. स्पेक्ट्रमकडे तपकिरी नाहीच! पाण्यात बुडालेली मूर्ती अंधुक, तरी ओळखू येते, अगदी तशीच.

पण पाणी आठ-आठ ठिपक्यांच्या उड्या मारत चढतं. पूर असा चढत नाही. काठावर उभं राहिलेल्याला ठाऊक असतं, एक पायरी बघता बघता नाहीशी होते.

११ मे

इथून पुढचं काम हे या प्रकल्पाचं काळीज आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

रंगाचा बाइट चौकटीला एकच असला तरी युएलए, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारी चिप, तो प्रत्येक रेघेला पुन्हा वाचते. चौकटीच्या आठ रेघा, आठ वेळा वाचन. म्हणजे टीव्हीचा किरण चौथी रेघ काढून झाल्यावर आपण तो बाइट बदलला, तर वरच्या चार रेघा कोरड्या राहतील आणि खालच्या चार ओल्या. पाण्याची रेषा मग कुठल्याही ठिपक्याच्या उंचीवर ठेवता येते, फक्त ती वेळ गाठायला हवी.

वेळेचा हिशेब: एक फ्रेम (पूर्ण पडदा एकदा काढणं) ६९८८८ टी-स्टेटची, ३१२ रेघा, प्रत्येक रेघ २२४. इंटरप्ट (दर फ्रेमला प्रोसेसरला मिळणारा इशारा) आल्यापासून चित्राची पहिली रेघ १४३३६वर सुरू होते. रेघेतले १२८ टी-स्टेट चित्राचे, उरलेले ९६ उजवी बॉर्डर, किरणाचं परत येणं आणि डावी बॉर्डर. युएलए चित्र वाचत असताना १६३८४ ते ३२७६७ या मेमरीला हात लावला की प्रोसेसरला थांबावं लागतं, आणि किती थांबावं लागेल ते क्षणाक्षणाला बदलतं. म्हणूनच कोड ३२७६८च्या वर ठेवलाय आणि रंग बदलायचे ते या ९६ टी-स्टेटमध्येच, जेव्हा युएलए मेमरीकडे बघतही नाही.

९६मध्ये १६ बाइट कसे लिहायचे? एलडीआयआर या बाइट नकलून नेणाऱ्या आज्ञेनं १५ वेळा २१ आणि शेवटचे १६, म्हणजे ३३१. विचारच नको. सुट्या एलडीआयनंही बाइटमागे १६, एकूण २५६. पुश मात्र एका दमात दोन बाइट ठेवतो, ११ टी-स्टेटमध्ये. स्टॅक पॉइंटर (पुश कुठे लिहितो तो पत्ता) त्या रांगेच्या उजव्या टोकापुढे नेऊन ठेवायचा, एचएलमध्ये १२३३६ (दोन्ही बाइट ४८) आणि एकापाठोपाठ आठ पुश. ८८ टी-स्टेट. आठ शिल्लक.

भाच्यानं लगेच वही काढली. ८०८५चा पुश १२चा. आठ पुश म्हणजे बरोबर ९६, श्वास घ्यायलाही जागा नाही. "मामा, एका टी-स्टेटनं वाचवलं की!"

१२ मे

ते आठ शिल्लक लागतातच. हॉल्ट या आज्ञेवर इंटरप्टची वाट बघताना प्रोसेसर चार-चार टी-स्टेटची पावलं टाकत थांबलेला असतो, त्यामुळे इंटरप्ट पकडण्यात ३ टी-स्टेटपर्यंत फरक पडू शकतो. आठात तो मावतो.

रॉमची नेहमीची इंटरप्ट रूटीन कीबोर्ड तपासते आणि तिला लागणारा वेळ कळ दाबली आहे की नाही यावर कमी-जास्त होतो, म्हणून ती बाजूला केली. आयएम २ (इंटरप्टला आपली रूटीन लावायची पद्धत), २५७ बाइटचं एकसारख्या आकड्यांचं टेबल, आणि हँडलरमध्ये फक्त ईआय आणि रेट. हॉल्टनंतर लगेच डीआय, म्हणजे इंटरप्ट बंद. स्टॅक पॉइंटर रंगांच्या मेमरीत असताना इंटरप्ट आला तर परतीचा पत्ता मारुतीच्या अंगावर लिहिला जाईल.

रेघा मोजायचं लूप बरोबर २२४चं बांधलं: एलडी ए,१२ चे ७, मग डीईसी ए आणि जेआर एनझेड बारा फेऱ्या, त्यांचे १८७, भरीला आयएनसी डीई ६, एलडी सी,० चे ७, एक नॉप (काहीच न करणारी आज्ञा) ४, शेवटी डीजेएनझेड १३. बेरीज २२४. बी रजिस्टरमध्ये जो आकडा टाकाल तितक्या रेघा हे लूप थांबतं. पाण्याची पातळी म्हणजे आता फक्त बीमधला एक आकडा.

लूपच्या आधी किती थांबायचं तो स्थिर भाग बॉर्डरच्या रंगानं जुळवला. पोर्ट २५४वर लाल, काम झाल्यावर पुन्हा काळा. चित्राच्या उजव्या कडेला लागून लाल तुकडा सुरू व्हावा आणि पुढच्या रेघेला डाव्या कडेच्या आत संपावा. टी-स्टेट डोळ्यांनी मोजायची याहून चांगली पट्टी मला माहीत नाही. भाच्यानं नॉप एकेक वाढवत तो तुकडा चार-चार टी-स्टेटनं सरकवून पाहिला, आणि ८०८५च्या पेपरात कागदावर मोजलेल्या टी-स्टेटना लांबी असते हे त्याला समोर दिसलं.

१८ मे

पाणी सरळ, एकेका रेघेनं चढतंय. क्यू दाबला की वर, ए दाबला की खाली. पोर्ट ६४५१० आणि ६५०२२, दोन्हीकडे शून्य क्रमांकाचा बिट.

दर फ्रेमच्या सुरुवातीला तीन रांगा नव्यानं रंगवतो: काठाच्या वरची कोरडी, काठाची कोरडी, खालची ओली. कोरडे रंग ३२० बाइटच्या वेगळ्या प्रतीतून येतात. याला साधारण १००० टी-स्टेट लागतात, आणि चित्र सुरू व्हायला १४३३६ असतात, म्हणजे भरपूर सवड आहे. यामुळे काठ चौकटीची सीमा ओलांडून मागे-पुढे झाला तरी वेगळी तजवीज लागत नाही.

आणि म्हणूनच लाटही फुकट मिळाली. सोळा आकड्यांचं छोटं टेबल, दर थोड्या फ्रेमनं पातळीत एखादी रेघ कमी-जास्त. पाणी आता हलतं.

२४ मे

अक्षरं. पाच ओळी हव्यात: गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला, डोक्यावरून. जोडाक्षरं जुळवणारं रूटीन लिहायचा मोह होता, पण पाच शब्दांसाठी ते नको. पूर्ण शब्द चित्र म्हणूनच काढले, प्रत्येकी १२ स्तंभ आणि २४ रेघा, २८८ बाइट. वरच्या आठ रेघा मात्रांसाठी, नवव्या रेघेवर शिरोरेषा, खाली अक्षराचं अंग आणि उकार. रॉममधल्या इंग्रजी अक्षरांना आठ रेघा पुरतात. "डोक्यावरून"ला वर ओकार, मध्ये क्य आणि खाली दीर्घ रू आहे, त्याला आठात कोंबणं म्हणजे अक्षराचा अपमान.

शिरोरेषा आणि उभे दांडे दोन ठिपक्यांचे ठेवले. एक ठिपका जाडीचा दांडा टीव्हीवर विरून जातो. सगळ्यात वेळ "ळ्या"नं घेतला. ळची दोन वर्तुळं आणि त्याला जोडलेला य शेजारी बसवताना वर्तुळातली पोकळी दोन ठिपक्यांहून कमी झाली की तिथे डाग दिसतो. शेवटी ळ इतर अक्षरांपेक्षा रुंद केला. हाताने लिहितानाही तो रुंदच असतो.

क्युसेकचा आकडा पडद्यावर ठेवायचा का, यावर घरात बराच वेळ बोलणं झालं. भाच्याला हवा होता. मी नाही ठेवला. धरणातून किती सोडलं आणि घाटावर किती चढलं यांच्या मध्ये शहरात पडलेला पाऊस असतो, येऊन मिळणारे नाले-उपनद्या असतात. एकाच आकड्याला मारुतीची एकच पातळी बांधली तर ते खोटं ठरेल.

३० मे

गोदाघाटावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेचा आवाज घालायची सूचना काकांची. स्पेक्ट्रमला आवाजाची वेगळी चिप नाही, पोर्ट २५४चा चार क्रमांकाचा बिट प्रोसेसरनं स्वतः वर-खाली करायचा. घंटेचा लांबणारा नाद काढायचा तर प्रोसेसर त्यातच गुंतेल आणि पाण्याची रेषा चुकेल. किरण खिडकीच्या खाली गेल्यावर उरणाऱ्या वेळात एखादा ठोका बसतो, नाद बसत नाही. तो अर्धवट घालण्यात अर्थ नाही. घंटा वगळली.

७ जून

खऱ्या मशीनवर सगळं एकत्र. चित्र, शब्द, रंगांची प्रत आणि कोड मिळून पाच केबीच्या आत, फोनवरून लोड व्हायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास. पाण्याची रेषा टीव्हीवर स्थिर आहे, लाटेचा हलकेपणा सोडला तर कुठे थरथर नाही. मशीन तापल्यावर पुन्हा पाहिली, तशीच.

काका पाहायला आले होते. त्यांनी क्यू दाबून धरला, पाणी छातीपर्यंत नेलं, थांबले, मग आणखी वर नेत म्हणाले, "आठला असं होतं." २००८बद्दल बोलत होते. पुढे ए दाबून सावकाश उतरवलं आणि कमरेपाशी बोट ठेवून सांगितलं की इथे दोन रेघांनी चुकतंय, कमरपट्टा आणखी खाली हवा. त्यांचं बरोबर आहे, घाटावरच्या फोटोशी ताडून पाहिलं.

झायलॉगनं २०२४मध्ये सुट्या झेड८०च्या ऑर्डरी घेणं बंद केलं. भाच्यानं स्वतःसाठी एक चिप मागवून ठेवलीय, ब्रेडबोर्डवर मशीन बांधणार म्हणतो.

उरलेली कामं: कमरेची पातळी दोन रेघा खाली, "कमरेला" हा शब्द त्याप्रमाणे; आभाळाच्या चौकटीत पावसाच्या तिरक्या रेघा, उरलेल्या वेळात बसतात का ते बॉर्डरच्या पट्टीनं मोजून; आणि भाच्याचं रेघ-खाली रूटीन टिप्पण्यांसकट मराठीत लिहून काढणं, म्हणजे त्याच्या वर्गातल्या मुलांना ८०८५च्या वहीशेजारी ठेवून वाचता येईल.